बदल नंबर एक्केचाळीस

आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाईच्या दौतीचं झाकण उघडलेलं नव्हतं. वडील पुणतांब्याजवळ रेल्वेच्या गँगमध्ये रुळांखाली खडी भरायचे, आई दुसऱ्यांच्या उसात खुरपायची, आणि आम्ही पाच भावंडं एका पेन्सिलीचे तीन तुकडे करून पाळीपाळीने लिहायचो. ज्याची पाळी नसेल त्याने तोंडी गणितं करायची. त्यामुळे माझं तोंडी गणित पक्कं झालं आणि अक्षर कायमचं बिघडलं. नगरच्या कॉलेजात मी बी.एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी निकालाचा कागद गँगमधल्या प्रत्येकाला दाखवला. एकालाही वाचता येत नसल्यामुळे कुणी खोट काढली नाही.

सत्तर-एकाहत्तर साली राहात्याच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात, मला ट्रेसरची नोकरी लागली. कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ट्रेसर म्हणजे मूळ ड्रॉइंगवर पारदर्शक कापड ठेवून शाईने रेघ न् रेघ गिरवणारा. बी.एस्सी. होऊन गिरवायचंच काम मिळालं, असं कुणी म्हटलं तर मला राग यायचा. अजूनही येतो. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारा मी पहिला. खुर्चीवर म्हणजे, स्टुलावर. आणि तेसुद्धा पहिल्या दिवशी नाही.

पहिल्या दिवशी ऑफिसात गेलो तर टेबलामागे एक उंच, काटकुळा गृहस्थ बसलेला. दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. मान वर न करता त्याने विचारलं, "कुठून आलात?"

"पुणतांब्याहून."

"कशासाठी?"

"नोकरीसाठी."

"कुणी सांगितलं?"

"चीफ इंजिनिअरसाहेबांनी."

त्याने हे तिन्ही एका जाड वहीत लिहून घेतलं, टिपकागद दाबला आणि मग चौथा प्रश्न टाकला. "सोबती कोण?"

"कुणी नाही, एकटाच आलोय," मी म्हणालो. आणि न राहवून जोडलं, "मी बी.एस्सी. आहे."

"असं का? मग बी.एस्सी., तुमचा सोबती म्हणजे एक स्टूल. इथे स्टूल एकच आहे आणि त्यावर मी बसलोय. माणूस आणला आणि स्टूल नाही आणलं, म्हणजे बदल अर्धाच झाला. अर्धा बदल करण्यापेक्षा न केलेला बरा."

स्टूल यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस मी उभ्याने गिरवलं.

हे शांतवन मकासरे. नगरच्या मिशनच्या उद्योगशाळेत ड्रॉइंग शिकलेले, आमच्या कारखान्याचे हेड ड्राफ्ट्समन. सगळे त्यांना मकासरेमास्तर म्हणत. फिटर लोक पाठीमागे 'बदलमास्तर' म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. मास्तर एकटे राहायचे. बायको लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच वारली होती, मूलबाळ नव्हतं. चर्चच्या मागे एक खोली, एक सायकल, आणि ती वही.

त्या वहीचं सांगितल्याशिवाय मास्तर कळायचे नाहीत. कारखान्याची यंत्रं ज्या कंपनीने दिली तिने ड्रॉइंगचा एक संच दिला होता. तो मूळ संच. पण कारखाना दहा वर्षं चालला म्हणजे मूळ संचासारखा राहत नाही. इथे पाईप हलव, तिथे पंप बदल, असं करत करत आमच्याकडे चौऱ्याहत्तर बदल झाले होते. प्रत्येक बदलाला मास्तरांनी वहीत नंबर दिलेला, आणि नंबरापुढे चार रकाने. कुठून आला, कशासाठी, कुणी सांगितलं, आणि सोबती कोण. सोबती म्हणजे त्या बदलाबरोबर जे दुसरे बदल करावेच लागतात ते. पंप मोठा केला तर पाया मोठा करावा लागतो. पाया हा पंपाचा सोबती.

"अख्खी शीट कधी उचलू नका, बी.एस्सी.," ते म्हणायचे. "बदल उचला. पाहिजे तेवढाच उचला. पण उचलला, की त्याचे सोबती मोजून घ्या."

हे ते ड्रॉइंगपुरतं म्हणाले असते तर शहाणे ठरले असते. पण ते जगातल्या प्रत्येक गोष्टीला हेच लावायचे. न्हाव्याकडे बसले की सांगायचे, "मिशी पोस्टमास्तरांसारखी, बाकी डोकं जसं आहे तसं." एकदा त्यांना आमच्या टाइमकीपरच्या शर्टाची कॉलर फार आवडली. दुसरा कुणी तसा शर्ट शिवून घेईल. मास्तरांनी फक्त कॉलर शिवून घेतली आणि जुन्या शर्टाला लावली. कॉलर ताठ, शर्ट मऊ. मान एका दिशेला वळली की कॉलर दुसरीकडेच बघायची. वरचं काज जुळेना म्हणून तीन महिने सेफ्टी पिन लावून फिरले. ही हकिगत त्यांनी स्वतः वहीच्या शेवटच्या पानावर 'फसलेले बदल' या मथळ्याखाली लिहून ठेवली होती. सोबत्याच्या रकान्यात: काज, अस्तर, अक्कल.

त्यांची खरी फजिती माझ्या आईने केली. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांनी खाल्ली आणि घास तसाच तोंडात ठेवून विचारलं, "कुठून आली?" पोळ्याच्या सुट्टीला चौकशीसाठी थेट घरी. आई चुलीपुढे, मास्तर उंबऱ्यावर, मांडीवर वही.

"लसूण सालीसकट भाजता? कुणी सांगितलं?"

"आता चटणीला कोन सांगायचंय? चटणी हाय बाबा ती, कारखाना न्हाई तुमचा."

मास्तरांनी लिहून घेतलं. "ठीक. लसूण सालीसकट. एवढा बदल नेतो. तिखट माझं माझ्याकडे आहे."

"कसलं तिखट?"

"बाजारचं. बारीक."

आई हसायला लागली. "मंग कडू हुईल. सालीसंगट लसूण घेतला तर तिखट जाडंभरडं कुटावं लागतंय. येकटा लसूण न्हेऊन काय करशाल?"

मास्तरांनी वही मिटली. उठून उभे राहिले आणि माझ्या आईला, जिने आयुष्यात स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं, हात जोडून नमस्कार केला. "बी.एस्सी.," मला म्हणाले, "तुम्ही कॉलेजात उगाच गेलात. हे शिक्षण घरीच होतं."

मी चिडलो होतो. आई आठवडाभर खुशीत होती.

आता मूळ गोष्ट. नेवाशाच्या बाजूला एक नवा कारखाना उभा राहत होता. यंत्रं त्याच कंपनीची, त्यामुळे मूळ संचही तोच. तिथे निकमसाहेब नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी आमच्याकडे विचारणा केली, की तुमचे दहा वर्षांतले बदल आम्हाला मिळतील का. मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. दोन महिने बसून त्यांनी चौऱ्याहत्तर बदलांतून एकोणतीस निवडले. प्रत्येक निवडताना स्वतःशी बोलायचे. "हा आपल्या विहिरीमुळे, यांना नको. हा पाहिजे, पण याचे दोन सोबती आहेत, तेही धरा." आणि सगळ्यांत आधी, लाल शाईने, त्यांनी तीन नंबर लिहिले होते. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.

बॉयलिंग हाउसमध्ये उसाच्या गरम रसाची एक टाकी असते, माणसाच्या दुप्पट उंच, वरून उघडी. तिच्या काठाला लोखंडी जाळीचा फलाट. मूळ ड्रॉइंगमध्ये त्या फलाटाला टाकीच्या बाजूने कठडाच नव्हता. एक्केचाळीस म्हणजे कठडा. बेचाळीस म्हणजे टाकीच्या व्हॉल्व्हचा दांडा लांबवून त्याचं चाक कठड्याच्या आत घेणं. त्रेचाळीस म्हणजे, ते चाक आत आल्यावर शिडीच्या तोंडाशी येतं, म्हणून शिडी दुसऱ्या बाजूला नेणं.

"बाकी सव्वीस नाही गेले तरी साखर होईल," मास्तर म्हणाले. "हे तीन गेलेच पाहिजेत."

आणि नेमक्या त्याच आठवड्यात ते पुतणीच्या लग्नाला नगरला गेले आणि मी माती खाल्ली.

नेवाशाहून जीप आली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी नकाशे मागितल्यात, आत्ताच्या आत्ता." मास्तरांची निवडलेली यादी टेबलावर होती. पण ती समजून एकोणतीस बदल वेगळे काढायचे म्हणजे चार दिवसांचं काम. मी विचार केला, आपण बी.एस्सी. आहोत, निर्णय घेता आला पाहिजे. चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर शीटांच्या नकला गुंडाळल्या, सुतळी बांधली आणि जीपमध्ये टाकल्या. वर पुन्हा अभिमानाने लिहिलं, 'संपूर्ण संच'.

आमच्याकडचा बदल नंबर सतरा असा होता: नदीकडून येणारी पाण्याची मोठी पाईपलाइन एका जागी तीन वळणं घेऊन जाते. कारण तिच्या वाटेत जुनं मारुतीचं देऊळ आहे. देऊळ शीटवर दाखवलेलं नव्हतं. ते मास्तरांच्या वहीत 'कशासाठी'च्या रकान्यात होतं. वही माझ्या टेबलावर राहिली. शीट नेवाशाला गेली.

दोन महिन्यांनी तिथल्या चेअरमनांनी बघितलं तर मोकळ्या माळावर त्यांची पाईपलाइन सरळ येते, अचानक डावीकडे वळते, कशाला तरी मोठा मान देऊन वळसा घालते आणि परत सरळ जाते. मधे काहीच नाही. चार बाभळी.

"हे काय?" चेअरमन.

कंत्राटदार म्हणाला, "नकाशात आहे."

तिथल्या वॉचमनने त्याच्या परीने निकाल लावला. "येवढा मोठा वळसा दावलाय म्हंजी देव असनारच. आज दिसत न्हाई, उद्या दिसंल." आणि खरंच पंधरा दिवसांत तिथे शेंदूर लावलेला एक धोंडा दिसायला लागला. शनिवारी तेल, रुईची माळ. निकमसाहेबांनी पाईप सरळ करायचं काढलं तेव्हा उशीर झाला होता. आता वाटेत मारुती होता.

मास्तरांना हे कळलं तेव्हा मी त्यांच्या समोर उभा होतो. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "कुठून पाठवलंत?"

"इथून."

"कशासाठी?"

"लवकर व्हावं म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच."

त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं. मग म्हणाले, "देव बसला ते एक चांगलं झालं. पण आता ते आपलं काहीही घेणार नाहीत, बी.एस्सी." तसंच झालं. आठवड्याभरात पत्र आलं. आपल्याकडील सर्व बदल रद्द करून आम्ही मूळ संचाप्रमाणे काम करीत आहोत. मूळ संच म्हणजे कठडा नाही. दसऱ्याला त्यांचा बॉयलर पेटायचा होता.

मास्तरांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. "उद्या रजा टाका. माझीही टाका."

तिथून आमच्या नेवाशाच्या वाऱ्या सुरू झाल्या. पुणतांब्याहून श्रीरामपूर, तिथे एस.टी. बदलून पुढे. दर पंधरा दिवसांनी. निकमसाहेब वाईट माणूस नव्हता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर अर्धा खाल्लेला डबा, दारात कंत्राटदारांची रांग. पहिल्या दिवशी त्यांनी हात जोडले. "मकासरे, तुमच्याकडून आता मला देवही नको आणि दगडही नको." दुसऱ्यांदा भेटलेच नाहीत. आम्ही व्हरांड्यात बसलो, मास्तर पेन्सिलींना टोक काढत होते. तिसऱ्यांदा शिपाई म्हणाला, "आले का मारुतीवाले?" चौथ्यांदा मी म्हणालो, "मास्तर, ते ऐकत नाहीत. जाऊ द्या." मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचे वडील खडी भरतात ना? एका दिवसात रूळ किती वर येतो?"

 वडील बारा वर्षं भरत होते.

पाचव्या खेपेला निकमसाहेबांनीच आत बोलावलं. "बसा. तुम्ही काही पिच्छा सोडणार नाही. कठडा घेतो मी. लोखंड पडलंय, वेल्डर मोकळा आहे. फक्त कठडा. व्हॉल्व्ह आणि शिडी बसवून झालीय, त्यांना हात लावणार नाही."

मी जवळजवळ उडीच मारली. मास्तर उठले, टोपी घातली. "मग नको."

"काय?"

"तीन घेणार असाल तर घ्या. एकटा कठडा मी देणार नाही."

निकमसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की या माणसाला घरी नेऊन झोपवा.

श्रीरामपूरच्या स्टँडवर माझा तोल गेला. "मास्तर, हट्टाला काही सीमा असते! मिळत होता कठडा. माणसाचा जीव वाचला असता."

"एकट्या कठड्याने जीव जातो," मास्तर म्हणाले. चहाचा कप त्यांच्या हातात तसाच होता. "आपल्याकडे एक्केचाळीस नंबर आधी झाला. बेचाळीस आणि त्रेचाळीस चार महिन्यांनी. तुम्ही तारखा बघितल्या नाहीत. कठडा माझ्याच डोक्यातून आला. एका दिवसात काढला, सगळ्यांनी पाठ थोपटली. पण फलाटावर चढून चाकाला हात लावून बघितला नाही मी. चाक कठड्याच्या पलीकडे राहिलं. मधे कठडा, मग हात पुरेना. प्रत्येक पाळीला माणूस यायचा, कठड्याचा मधला पाईप काढायचा, वाकून चाक फिरवायचा, पाईप परत लावायचा. रंभाजी म्हणून होता. एके दिवशी पाय घसरला. दोन्ही पाय रसात. खांब धरला म्हणून बाकीचा वाचला."

मास्तर पुढे सांगू लागले.

"चौकशीत लिहिलं, की कामगाराने स्वतः पाईप काढला. खरं आहे. काढला त्याने. काढायला मी लावला. मी गप्प राहिलो."

"त्याला माहीत आहे?"

"त्याला वाटतं चूक त्याची. दर रविवारी चर्च सुटलं की सांगायचं ठरवून जातो त्याच्याकडे. सहा वर्षं झाली." त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. "चला, गाडी लागली."

रविवारी मास्तर सायकल मारत कुठे जातात यावर ऑफिसात पुष्कळ विनोद व्हायचे. कुणी म्हणे मासे धरतात, कुणी म्हणे दुसरा संसार आहे. मीही हसलो होतो.

चार दिवसांनी मी एकटाच रंभाजीकडे गेलो. गोदावरीकाठच्या वस्तीवर, अंगणात घोंगडीवर बसून दोर वळत होता. पायांवर गोणपाट. मी कारखान्यातला म्हटल्यावर त्याने हात न थांबवता विचारलं, "मास्तर बरं हायेत ना?"

मी आडवळणाने बोलायला लागलो. कठडा, चाक, चूक कुणाची. त्याने मला मधेच अडवलं.

"येवढं शिकलाव आन् येवढं फिरवून बोलता व्हय? मला ठाव हाय की."

"काय ठाऊक आहे?"

"मी पडलो, आन् म्हैन्याभरात चाक आत आलं, शिडी तिकडं गेली. का गेली? माझी चूक असती तर मला काढून टाकायचं, शिडी का हालवायची? आन् नकाशे कोन काढतंय ते समद्या कारखान्याला ठाव हाय."

"मग त्यांना बोलला का नाहीत?"

रंभाजीने दोराला पीळ दिला. "बोललो आन् त्ये यायचं बंद झालं तर? बायको न्हाई, पोर न्हाई. आइतवारी देवळातनं निघून जायाचं कुठं त्यांनी? हितं येत्यात, मला सायकलीवर बशिवत्यात, गंगंवर न्हेत्यात. मी आंघूळ करतो, त्ये काठावर बसून गानी म्हनत्यात त्यांच्या देवाची. गळा काय चांगला न्हाई. पन माझाबी आइतवार जातो."

मी त्याला नेवाशाच्या टाकीचं सांगितलं. त्याचे हात थांबले.

"म्हंजी कठडा देतोय म्हनतो, आन् चाक भायेरच?"

"हो."

"मंग तिथंबी कुनी तरी पाईप काढनारच." त्याने दोर बाजूला ठेवला. "दोन मानसं बघा मला उचलाया. येतो मी."

माझा धाकटा भाऊ आणि मी. एस.टी.त चढवताना कंडक्टर ओरडला, "ओ, पॅसेंजर हाय का पार्सल?" रंभाजी म्हणाला, "अर्धं तिकीट फाडा. पाय वापरत न्हाई मी." सगळी गाडी हसली आणि पुढची सीट रिकामी झाली.

मास्तर सहाव्या खेपेला आदल्याच गाडीने गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा ते नव्या टाकीपाशी उभे राहून निकमसाहेबांना वही दाखवत होते आणि निकमसाहेब घड्याळ बघत होते. रंभाजीला माझ्या भावाच्या पाठीवर बघून मास्तरांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आपण फार मोठं पाप केलं.

"तुला कुणी आणलं?" ते म्हणाले. पुढचं विचारणं त्यांना जमलं नाही.

"वर चढवा मला," रंभाजी भावाला म्हणाला.

टाकी अजून रिकामी होती. फलाटावर रंभाजी टेकून बसला आणि निकमसाहेबांना म्हणाला, "साहेब, रागावू नका, आडानी मानूस हाय. हितं आडवा बांबू धरायला सांगा दोघांना. कठडा समजा. आन् तुमी सोता त्ये चाक फिरवून दावा."

निकमसाहेब वैतागले होते, पण एवढ्या लांबून पाठीवर आलेल्या माणसाला नाही म्हणवेना. मी आणि भावाने बांबू धरला. त्यांनी बाही वर केली, बांबूवरून हात घातला. चाक वीतभर पुढे राहिलं. वाकले. बोटं टेकली, पकड येईना. पोट बांबूला लावून, टाचा उचलून पाहिलं. कपाळावर घाम आला. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "हा बांबू जरा बाजूला घ्या रे."

कुणी हललं नाही.

रंभाजी म्हणाला, "मीबी ह्येच म्हनलो हुतो, साहेब."

निकमसाहेबांनी हात मागे घेतला. खाली रिकाम्या टाकीत बघितलं, मग गोणपाटाखालच्या पायांकडे बघितलं.  खिशातून पेन काढून मास्तरांकडे हात केला. "आणा ती वही. तिन्ही द्या."

मास्तरांनी वही दिली. पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतंच. "रंभाजी," ते म्हणाले, "तुला कधीपासून…"

"पयल्यापासनं."

"आणि तू मला…"

"मास्तर, खाली उतरवा आता. कंबर धरलीया माझी." मग, "आन् ह्या आइतवारी लवकर या. ऊन फार हुतं नंतर."

मास्तर पुढे झाले. भावाला बाजूला करून त्यांनी स्वतः रंभाजीला पाठीवर घेतलं. उंच, काटकुळा माणूस, साठीच्या जवळचा. मी म्हणालो, "मास्तर, तुम्हाला झेपणार नाही." त्यांनी ऐकलं नाही. एकेक पायरी, दोन्ही हातांनी शिडी धरून, उतरले. खाली आल्यावर रंभाजीला लगेच ठेवलं नाही. तसेच उभे राहिले. 

मला सबंध आठवडा धाकधूक होती. रविवारी चर्च सुटायच्या वेळी मी सायकल काढून वस्तीकडे गेलो. अंगणात कुणी नव्हतं. घोंगडी गुंडाळून ठेवलेली, दोर खुंटीला. काठावर गेलो तर लांबून गाणं ऐकू येत होतं. गळा खरंच चांगला नव्हता. मी तिथूनच परत फिरलो.

दसऱ्याला नेवाशाकडच्या कारखान्याचा बॉयलर पेटला तेव्हा रसाच्या टाकीला कठडा होता, व्हॉल्व्हचं चाक कठड्याच्या आत होतं आणि शिडी दुसऱ्या बाजूला होती. त्या ड्रॉइंगच्या तिन्ही शीटा मी गिरवल्या होत्या. त्या टाकीत आजवर कुणी पडलेलं नाही.